अर्ध्या ओठाची नळी

माघाचे ऊन उतरत होते. सह्याद्रीच्या धूसर कड्यांवरून, काजूच्या कोवळ्या मोहरावरून, पांगाऱ्याच्या निष्पर्ण, रक्तपुष्पी फांद्यांवरून ते उतरत होते. मधाच्या रंगाचे, मधाच्या गतीचे, कुठेही पोहोचण्याची घाई नसलेले ऊन.

ते उतरले कौलांवर, कौलांवरून अंगणात, अंगणातून पडवीत. आणि पडवीत बसलेल्या सगुण मेस्त्रीच्या हातातल्या शिंगात शिरून ते तिथेच थबकले.

शिंग काळे असते असे म्हणणाऱ्यांनी ते कधी उजेडासमोर धरलेले नसते. उजेडासमोर धरले की म्हशीच्या शिंगातल्या काळोखाच्या तळाशी एक तांबूस पहाट असल्याचे कळते. जितके घासावे तितकी ती पहाट जवळ येते. फार घासावे तर हातात केवळ पहाट उरते आणि शिंग संपून जाते.

सगुणचे अवघे आयुष्य त्या पहाटेच्या किंचित अलीकडे थांबण्यात गेले होते.

वाडीच्या बाजारात लाकडाची केळी मिळतात, लाकडाचे पोपट मिळतात. लाखेच्या रंगांनी झळाळणारी, लहान मुलांच्या हातांना हाक मारणारी खेळणी. बाजारापासून दूर, डोंगराच्या कुशीतल्या मेस्त्र्यांच्या या घरात मात्र तीन पिढ्यांत कुणी रंगाला हात लावला नव्हता. इथे तंबाखू ओढण्याचे पाइप घडत. थोरला भाऊ आत्माराम शिसवीच्या लाकडातून पेला कोरी, ज्यात तंबाखू जळते. धाकटा सगुण शिंगातून नळी घडवी, जिच्यातून धूर ओठांपर्यंत येतो. लाकूड थोरल्याचे, शिंग धाकट्याचे. अग्नी थोरल्याचा, श्वास धाकट्याचा. दोघांच्या मधोमध एक सांधा असे, आणि तो नखालासुद्धा सापडत नसे.

पेला पाहणाऱ्यासाठी असतो, नळी ओढणाऱ्यासाठी. डोळा भुलतो. डोळ्याला नक्षी चालते, झिलई चालते, थोडे खोटेही चालते. तोंडाला खोटे चालत नाही.

मुळाशी नळी करंगळीएवढी, गोल, निःशंक. मग ती निमुळती होत जाते, चपटी होत जाते, जणू काही सांगायचे आहे आणि आवाज खाली येत चालला आहे. ओठांशी पोहोचते तेव्हा ती एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांहून जाड नसते. आणि अगदी शेवटी, दातांआड अडकावा म्हणून, एक इवलासा उंचवटा. त्याला या घरात बोंड म्हणत.

सगळे मरण त्या बोंडात होते. बोंड उंच झाले तर जिभेला बोचते. सखल राहिले तर नळी दातांतून निसटते. बोंडामागची नळी जाड राहिली तर जबडा शिणतो. पातळ झाली तर दात कधीतरी धुराच्या वाटेत उतरतात. या चार चुकांच्या मधोमध केसाएवढी एक पाऊलवाट असते. त्या वाटेने चालताना सगुणचे केस पिकले.

नळी झाली की ती आत्मारामच्या तोंडात जाई. रिकामी, बिनतंबाखूची, बिनपेल्याची. डाव्या बाजूच्या दातांत ती धरून, हात न लावता, तो आपले लाकूड कोरत बसे. शिसवीचे जांभळट भुगे त्याच्या मांडीवर साचत जात, आणि समोर सगुण हातात हात धरून बसून राही, पाहुण्यांनी पाहून घेतलेल्या आणि अद्याप उत्तर न आलेल्या मुलीसारखा.

मग एक शब्द येई.

"बोचता."

किंवा, "निसटता."

किंवा, "जड."

आणि कधीकधी, कुठेच काही उणे नसताना, सगुणच्या छातीत मोहर फुटू लागलेला असताना, सर्वांत कठोर शब्द येई. "आठवता."

कारण घराण्याचा नियमच तसा होता. आज्याने बापाला सांगितलेला, बापाने या दोघांना. "तोंडात आसताना तोंडाक तिचो विसर पडाक व्हयो." जी नळी दातांत असल्याचे आठवत राहते ती नळी नव्हे, ती शिंगच. नळी ती, जी तोंडात असून नाहीशी होते.

तशी नळी या घरात एकदाच घडली होती. बापाने ती घडवली, आज्याने ती दातांत धरली, आणि घटकाभराने आजा पाटावरचे भुगे दोन्ही हातांनी उपसत ओरडू लागला, "माझी नळी खंय गेली? कोणी उचलल्यान?" नळी त्याच्या दातांतच होती. सारे घर हसले. शेजारी हसले. फक्त बाप हसला नाही. तो उठून परसात गेला आणि केळीच्या गर्द पानांआड उभा राहून रडला. पुढे कित्येक वर्षे ते रडणे सगुणला हेवा वाटावा इतके सुंदर वाटत राहिले.

आत्मारामने मात्र कधी नळी शोधली नाही. सगुणच्या नळ्या गोव्याच्या दुकानांत गेल्या, चहाच्या मळ्यांवर गेल्या, निवृत्त लष्करी साहेबांच्या मिश्यांखाली विसावल्या, बोटींतून दर्या ओलांडून गेल्या. प्रत्येकीला निरोप देताना आत्माराम एवढेच म्हणे, "चलात." म्हणजे चालेल. म्हणजे जगाला चालेल.

"जमली" हा शब्द त्याने कधी उच्चारला नाही. आणि सगुणला जगातला दुसरा कुठला शब्द नको होता.

तुझी नळी तूच का पारखत नाहीस, असे त्याला कुणी विचारलेही असते. पण ज्याने कण कण घासला त्याला ती कशी विसरता येईल? सगुणने दातांत धरलेली प्रत्येक नळी त्याला जन्मापासून आठवे. पहिला करवतीचा घाव, शेगडीवरचा तो जळक्या केसांचा वास, ताप लागून मऊ झालेल्या शिंगाचे सरळ होणे, कानशीचे कण्हणे. घडवणाऱ्याच्या तोंडाला विसर नसतो. त्याला पारखणारे तोंड दुसऱ्याचे लागते, आणि ते दुसरे तोंड या पृथ्वीवर एकच होते.

मार्गशीर्षातल्या एका थंड, धुक्याने ओथंबलेल्या सकाळी ते तोंड गेले.

आत्मारामने एक पेला संपवला होता. सुंदर पेला, शिसवीच्या जांभळ्या रेषा ज्याच्या कडेभोवती संध्याकाळच्या ढगांसारख्या वळत गेल्या होत्या असा. आतला भुगा उडवावा म्हणून त्याने तो ओठांशी नेला आणि फुंकर घातली. फुंकर वाकडी गेली. त्याने पुन्हा घातली. पुन्हा वाकडी. भुगा पेल्यातच राहिला, आणि आत्माराम भुग्याकडे आश्चर्याने पाहत पाहत डाव्या कुशीवर कलंडला.

"जिवावरचं ओठावर निभावलं," डॉक्टर म्हणाले. अर्धांगवायू. डावा हात परत येईल कदाचित, पाय येईल कदाचित. चेहऱ्याचे सांगता येत नाही.

हात आला थोडासा. पाय आला थोडासा. चेहरा आला नाही. आत्मारामच्या चेहऱ्याच्या मधून जणू एक सीमारेषा गेली. उजवीकडे माणूस, डावीकडे माणसाची आठवण. डावा डोळा अर्धा उघडा, पहाऱ्यावर झोप लागलेल्या पहारेकऱ्यासारखा. डावा ओठ ओघळलेला. आणि त्या ओठाआड ते दात, ज्यांनी हजार नळ्यांना नकार दिला होता, आता गोडी-तिखट, थंडी-ऊब, शिंग-लाकूड काहीच न जाणता, ओसाड देवळाच्या ओवरीतल्या दगडांसारखे ओळीने उभे होते.

त्याची बाज पडवीत आणली गेली, सगुणच्या कामाच्या पाटासमोर. आणि कोनाड्यात तो शेवटचा पेला राहिला. बिननळीचा. श्वास न मिळालेला.

आत्माराम दुसरा पेला कोरणार नव्हता. हे घरातल्या तिघांनाही, दोघां भावांना आणि थोरल्याच्या बायकोला, ठाऊक होते. म्हणून या पेल्याला लागणारी नळी ही दोघां भावांची शेवटची नळी होती. त्या एका नळीत सगुणला तो एक शब्द हवा होता. पारखणारा निम्मा विझला होता. उरलेला निम्मा विझण्याआधी हवा होता.

आपल्याच गोठ्यात मेलेल्या चांदी नावाच्या म्हशीची दोन शिंगे त्याने माळ्यावर जपून ठेवली होती. ती त्याने खाली काढली. दोन्ही शिंगांची भरीव टोके कापली, दोन्हींना सामत्याने आरपार भोक पाडून धुराची वाट केली. एक टोक त्याने घासायला घेतले. दुसरे, पहिले बिघडले तर असावे म्हणून, तसेच ओबडधोबड पाटाच्या कडेला ठेवून दिले.

थोरल्याची बायको शेवंतीवहिनी केरसुणी टेकवून उभी राहिली. तिच्या जिभेला अर्धांगवायू कधीच होणार नाही असे आळीत सगळे म्हणत.

"म्हस मरान गेली," ती म्हणाली, "नि शिंगां तुमच्या गळ्यात ठेवन गेली. भावजीनू, ह्यांका गिळाक येणा नाय पेज, नि तुमी त्यांका शिंग चारतास?"

"पेज तू चार, वयनी. शिंगाचा मी बघतंय."

"बघा. दोघां भावांनी जल्मभर ताच बघितल्यात. माझ्या तोंडाक काय व्हया ता कोणी इचारूक नाय." आणि आत जाता जाता, अगदी सहज, तिने नवऱ्याच्या ओघळलेल्या ओठाखालचा ओलावा पदराने टिपला.

सगुण घासत राहिला. आडव्या कानशीने, मग बारीक कानशीने, मग काचेच्या तुकड्याने. नळी उतरत गेली, निमुळती होत गेली. शिंगाचा करडा भुगा त्याच्या पापण्यांवर बसला, मिशीवर बसला, हाताच्या रेषांत बसला. समोर आत्माराम एका डोळ्याने पाहत होता. एका डोळ्याने पाहणे हे दोन डोळ्यांनी पाहण्याहून अधिक टक लावून असते.

बोंड उमटू लागले. आधी एक शंका, मग एक कड, मग एक उंचवटा. सगुण दर वेळी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ते धरी, डोळे मिटे, आणि पुन्हा कानस उचली. केसाएवढी ती पाऊलवाट त्याला दिसत होती. म्हणजे दिसत नव्हती, बोटांना तिचा वास येत होता.

शेवटची झिलई उरली तेव्हा तो खरवताच्या पानांसाठी परसामागच्या रानात गेला. खरवताचे वाळलेले पान वाघाच्या जिभेसारखे खरखरीत असते. आज्याच्या काळापासून शिंगाला शेवटचा हात त्याचाच लागे. उन्हे कलली होती. सुरंगीच्या कळ्यांचा वास रानातून वाहत होता, इतका गोड की दुःखी माणसाला तो अपमानासारखा लागावा. सगुणने ओटीत पाने भरली आणि तो परतला.

अंगणात पाऊल टाकताच त्याला तो आवाज ऐकू आला.

जड, ओला, अर्ध्या तोंडातून आलेला आवाज. "सगुणा... माझी नळी... माझी नळी खंय गेली?"

सगुणच्या ओटीतली पाने गळून पडली.

पडवीत बाजेवर आत्माराम उशाला रेलून बसला होता, आणि त्याचा उजवा हात गोधडीवर काहीतरी शोधत फिरत होता. गोधडीच्या घड्या उलगडीत, उशाखाली जात, बाजेच्या काथ्यावरून सरकत. आणि नळी त्याच्या दातांत होती. डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, दातांत.

तो शोधत होता. नळी दातांत असून तो नळी शोधत होता.

क्षणभर, आणि तो क्षण अंगणाएवढा मोठा होता, सगुण मेस्त्री पृथ्वीवरचा सर्वांत कृतार्थ मनुष्य होता. त्याला परसातली केळ दिसली, केळीआड उभा असलेला बाप दिसला. पांगाऱ्याची सारी फुले एकदम पेटल्यासारखी वाटली. छातीतून वर येणारा हुंदका त्याने अडवला नाही. त्या हुंदक्याची वाट त्याने जन्मभर झाडून ठेवली होती.

मग तो पायरी चढला. आणि त्याने पाहिले.

आत्मारामच्या दातांत होते ते दुसरे शिंग. न घासलेले, करवतीच्या चरांनी भरलेले, अंगठ्याएवढे जाड, बोंडाचा मागमूस नसलेले ते ओबडधोबड टोक. त्याच्या धारेने डावा ओठ कापला होता. हनुवटीवरून रक्ताची एक बारीक, निवांत रेघ उतरली होती, आणि ज्याचे रक्त होते त्याला तिची वार्ताही नव्हती.

घडवलेली नळी पाटावर होती. जशी ठेवली होती तशी.

"वयनी," सगुणने हाक मारली. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कोणी दिल्यान ही?"

"मीयाच दिलंय. हात करीत होते, नळी नळी म्हणान." वहिनी बाहेर आली, रक्त बघून तिने तोंडावर हात नेला. "अगे बाये! ह्यांच्या ओठाक..."

"ही न्हय गे, वयनी. ही न्हय."

"मगे खंयची?" तिने पाटाकडे पाहिले, दातांकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि तिच्या बोलण्यात कुठलीही लबाडी नव्हती. "माका दोनय सारखीच दिसतत."

सगुणने भावाच्या दातांतून ते शिंग हलकेच सोडवले. आत्मारामला ते गेल्याचेही कळले नाही. तो अजून गोधडी चाचपत होता.

ज्या खुणेसाठी एक जन्म झिजला ती खूण अशी आली. बधिरतेच्या दाराने आली. परिपूर्ण नळी आणि न घडलेली नळी, दोन्ही त्या तोंडात सारख्याच नाहीशा होत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगुण कामाला बसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माघ संपला, फाल्गुनाच्या वाऱ्याने अंगणात पाने फिरवली, आणि त्या फिरणाऱ्या पानांकडे पाहता पाहता त्याच्या मनात एक दुष्ट, देखणी आशा अंकुरली.

उजवी बाजू जिवंत होती.

निम्मे तोंड उरले होते. निम्म्या ओठांना अजून पेजेची ऊब कळत होती, निम्म्या जिभेला अजून मीठ कळत होते. तीन पिढ्यांच्या नळ्या तोंडाच्या मधल्या मापाने घडल्या. डावीकडे धरा, उजवीकडे धरा, बोंड दोन्हीकडे समसमान. तो समतोल मोडला तर? जे तोंड उरले आहे तेवढ्याच तोंडाची नळी घडवली तर?

त्याने मधमाश्यांचे मेण उन्हात मऊ केले, त्याची चपटी पट्टी केली आणि भावाच्या उजव्या दातांत दिली.

"चाव, दादा."

आत्माराम चावला. मेणावर दातांच्या खुणा उमटल्या. खोल नव्हत्या, वाळूवर क्षणभर उतरून उडालेल्या पाखराच्या पावलांसारख्या. सगुणने ते मेण सावलीत ठेवले आणि घराण्याचा नियम मोडायला घेतला.

पाटावरची ती नळी, जिला तो पूर्ण समजत होता, त्याने पुन्हा कानशीखाली घेतली. बोंड एका अंगाने उतरवले, दुसऱ्या अंगाने राखले. नळीला ओठाकडे किंचित तिरकी केली, जशी जखमी पायाला वाट तिरकी होते. मेणातल्या एकेका खुणेसाठी एकेक अदृश्य उतार दिला. बापाने पाहिले असते तर त्याला ती विद्रूप वाटली असती. ती विद्रूपच होती. एका भंगलेल्या चेहऱ्याची ती तंतोतंत, निष्ठावंत सावली होती.

आणि ती पातळ होत गेली. निर्बल जबड्याला भार नको म्हणून पातळ, अजून पातळ. शिंगाचा काळोख सरत गेला. उजेडासमोर धरली की बोंडामागून ती तांबूस पहाट आता उघड दिसे, आणि पहाटेच्या मधोमध धुराच्या वाटेची एकच काळी रेघ. इथे थांबायचे असते. सगुण थांबला नाही. एक हात अजून फिरवला. मग थांबला.

खरवताचे पान फिरले. खोबरेल आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड फिरली. तळहात फिरला, पुष्कळ वेळ.

दुपार टळत असताना त्याने कोनाड्यातला पेला घेतला. पेल्याच्या तळाशी तो भुगा अजून होता, वाकड्या फुंकरीने न उडालेला. सगुणने तो बोटाने पुसून काढला आणि नळी पेल्यात बसवली. सांधा नखाला सापडला नाही.

"दादा. ही बघ."

आत्मारामने पाहिले. पेल्याकडे पाहिले, आपल्या हाताच्या शेवटच्या कामाकडे. मग नळीवरून त्याची नजर हळूहळू खाली उतरली आणि बोंडाशी थांबली. तिरकस, एकांगी बोंड. त्याला कळले. जन्मभर ज्याने प्रमाण पारखले त्याला न कळून कसे चालेल? उजवी भुवई किंचित उचलली गेली. मग त्याने तोंड उघडले.

सगुणने नळी उजव्या दातांत ठेवली आणि हात काढून घेतला.

वहिनीची केरसुणी थांबली. वारा होता, तो पडला. पाइप आत्मारामच्या तोंडात होता, अधांतरी, जशा जन्मभर नुसत्या नळ्या असायच्या. सगुण श्वास धरून पाहत राहिला. ओठ मिटले होते. दात टेकले होते.

पण जीभ. गालाआड जीभ हलत होती. बोंडाशी जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती. बंद दारावर कुणी पुन्हा पुन्हा हात ठेवून पाहावे तशी. विसरलेली जीभ अशी जात नाही. सगुणने तो गाल हजार वेळा वाचला होता आणि आता त्या जिवंत अर्ध्या गालावर, स्वच्छ अक्षरांत, तोच जुना कठोर शब्द उमटला होता. आठवता.

आणि मग पाइप कलला. डावीकडून आधार नव्हता. जबड्यात तेवढे बळ नव्हते. शिसवीचा पेला स्वतःच्या सौंदर्याच्या भाराने हळूहळू झुकला, नळी दातांतून सरकली, ओठांतून सरकली, आणि पाइप गोधडीवर पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

सगुणने तो उचलून पुन्हा ठेवला. तो पुन्हा पडला. सगुणने धरून ठेवला. धरलेला हात सुटला तसा पुन्हा पडला.

आत्मारामने गोधडीवरच्या पाइपकडे पाहिले. मग धाकट्या भावाकडे पाहिले. त्याच्या पापण्यांवरच्या करड्या भुग्याकडे, कानशीने सोललेल्या बोटांकडे, त्याच्या वर वळलेल्या, वाट पाहणाऱ्या, म्हाताऱ्या चेहऱ्याकडे. आणि जगातला तो एकमेव निर्दय, निर्मळ, कधी खोटे न बोललेला डोळा हळूहळू पाण्याने भरला.

"जमली," आत्माराम म्हणाला.

अर्ध्या ओठातून तो शब्द अर्धाच बाहेर आला, पण आला.

"खरा सांग, दादा."

"जमली म्हणतंय मां... जमली रे, सगुणा." आणि त्याचा उजवा हात उठला, धाकट्याच्या गालावर टेकला. लहानपणी पडून फुटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालताना तो हात असाच टेकायचा.

"बघलात?" वहिनी हसली, डोळे पुसत हसली. "जल्मात पयलेंदा तोंडातसून गोड शब्द इलो. भावजीनू, आता तरी पुरे करा. च्याय ठेवतंय."

सगुणने मान हलवली. तो हसलासुद्धा, भावाला दिसावे इतके हसला.

बधिर ओठाने दिलेली खूण खोटी होती, तरी तिच्यात कुणाची दया नव्हती. हा शब्द दयेतून आला होता. ज्या तराजूवर एक घराणे उभे होते त्याच्या पारड्यात तराजू धरणाऱ्यानेच आपले प्रेम टाकले होते, आणि यापुढे त्या पारड्यात काहीही घातले असते तरी ते भरलेलेच दिसले असते. आता चूक सांगणारे कुणी नव्हते. नळी जमली की नाही हे यापुढे पृथ्वीवर कुणालाच कळणार नव्हते.

वहिनी आत गेली. चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला, मग कपबशांचा. आत्मारामने डोळे मिटले. म्हणजे उजवा मिटला, डावा अर्धा तसाच राहिला. त्या एका शब्दाने तो फार थकला होता.

सगुण बाजेच्या कडेला बसला. पाइप त्याने उचलला नाही. गोधडीच्या घडीत तो पडून राहिला, जांभळ्या रेषांचा, तांबूस टोकाचा, कुणाच्याही तोंडाचा नसलेला.

भावाच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ साचली होती. जुनी जखम तिथे खपली धरून सुकली होती. सगुणने पंच्याचे टोक घेतले आणि तो कोपरा पुसला. शिंग पुसावे तसा, वरून खाली, हलक्या हाताने. ओठ ऊन होता, मऊ होता. चिमटीत धरला तर धरू देत होता, सोडला तर ओघळत होता.

आणि पुसलेल्या जागी, हळूहळू, पुन्हा एक थेंब गोळा होऊ लागला. त्याला कुणी घासले नव्हते, कुणी पारखले नव्हते. तो फुगला, गोल झाला, कडेशी लोंबू लागला; ना उंच, ना सखल, ना जड, ना पातळ. आरपार उजेड असलेला, निर्दोष प्रमाणाचा तो थेंब ओठाच्या टोकाशी थरथरत थांबला, आणि ओठाला त्याचा पत्ताही न लागता, खाली पडला.